तीन आठवड्यांचा दौरा, पंधरा वर्षांचं पुस्तक

रोलिंग स्टोन्स या इंग्लिश रॉक बँडवरच्या पुस्तकांनी एक अख्खं कपाट भरेल, आणि त्यातली बहुतेक रद्दीत गेली तरी कुणाचं काही बिघडणार नाही. स्टॅन्ली बूथचं ‘द ट्रू अ‍ॅडव्हेंचर्स ऑफ द रोलिंग स्टोन्स’ मात्र ठेवून घ्यायचं पुस्तक आहे. आपल्यावरच्या पुस्तकांपैकी हे एकच वाचून ‘हो, असंच होतं’ असं म्हणता येतं, असं खुद्द स्टोन्सचा गिटारवाला कीथ रिचर्ड्स याने म्हटलंय. प्रकाशक ते वाक्य मिरवतात, त्यात गैर काही नाही. पण कीथचं सर्टिफिकेट बाजूला राहू दे. मी दौऱ्यांवर आयुष्य काढलेला माणूस आहे, तेव्हा माझं मत वेगळ्या खात्यातलं समजा.

मी नाटकाचं म्युझिक ऑपरेट करतो. स्पूलवर सुरुवात केली, मग कॅसेट आल्या, मग मिनीडिस्क, आता लॅपटॉप. शिवाजी मंदिरला दुपारचा प्रयोग, रात्री गडकरीला दुसरा, आणि सुगीच्या दिवसांत बसच्या मागच्या सीटवर बसून कोकण, गोवा, कोल्हापूर. नाईट, म्हणजे प्रयोगाचे पैसे, मिळते, वडापाव मिळतो, झोप मिळाली तर मिळते. नाटकवाल्यांनी लिहिलेल्या आठवणींची पुस्तकं मी बरीच वाचलीत. त्यांत हमखास टाळ्या असतात, ‘तुडुंब भरलेलं नाट्यगृह’ असतं, आणि एक भांडण असतं जे पुढच्या परिच्छेदात मिटतं. बस पंक्चर झाल्यावर चार तास रस्त्याच्या कडेला कोण काय बोललं, हे मात्र कुणी लिहीत नाही. बूथने ते लिहिलंय. रॉक न आवडणाऱ्यांनाही हे पुस्तक मी वाचायला देतो ते त्यासाठीच.

हा बूथ कोण, ते थोडक्यात सांगतो. जन्म १९४२चा, जॉर्जिया राज्यातल्या वेक्रॉस गावचा, पुढे मेम्फिसला राहिला. स्टोन्सच्या मागे लागायच्या आधी त्याने फरी लुईसवर लिहिलं होतं. फरी हा जुना ब्लूज गायक. एक पाय रेल्वेखाली गेलेला, आणि पोटासाठी कित्येक वर्षं मेम्फिसचे रस्ते झाडणारा. गायक ओटिस रेडिंगचं ‘डॉक ऑफ द बे’ हे गाणं आकाराला येत होतं तेव्हा बूथ त्या स्टुडिओत होता. काही दिवसांतच, १० डिसेंबर १९६७ला, ओटिसचं विमान कोसळलं. म्हणजे ज्या काळ्या गायकांची गाणी गाऊन स्टोन्स मोठे झाले, त्यांच्या ओसरीवर बसून आलेला हा माणूस. त्यामुळे लंडनच्या पोरांकडे तो भक्तासारखा बघत नाही. मालाची पारख असलेल्या गिऱ्हाइकासारखा बघतो.

१९६८ साली तो लंडनला जातो, स्टोन्सची माणसं जमवणाऱ्या ब्रायन जोन्सवर अमली पदार्थांचा खटला चालू असताना. कोर्टात ब्रायनला पन्नास पौंड दंड होतो. आणि १९६९च्या शरदात, स्टोन्स तीन वर्षांनी अमेरिकेचा दौरा करायला निघतात तेव्हा, बूथ त्यांच्याबरोबर. पुस्तकासाठी.

पण प्रकाशकाला करार करायचा तर स्टोन्सचं पत्र हवं: हो, हा आमच्यावर लिहितोय, आम्ही याला सहकार्य करू आणि लिखाणात लुडबुड करणार नाही. या पत्राच्या मागे बूथ अक्षरशः वणवण करतो. ऑफिसातली बाई सांगते बघू. मॅनेजर अ‍ॅलन क्लाइन म्हणजे भलतंच प्रकरण. दौरा सांभाळायला त्याने आपला भाचा रॉनी श्नायडर याला बसवलेलं. गायक मिक जॅगर गोड हसतो आणि विषय बदलतो. ही पानं कंटाळवाणी आहेत असं काही लोक म्हणतात. थोडी आहेत. पण पार्टी पैसे द्यायला टाळाटाळ करत असताना व्यवस्थापकाच्या मागे मागे फिरणारा कॉन्ट्रॅक्टर तुम्ही पाहिला असेल, तर त्या पानांवर तुम्ही मोठ्याने हसाल. दुनियेतला सगळ्यात मोठा रॉक बँड, आणि एका कागदावर सह्या मिळत नाहीत.

मला पुस्तकातला सगळ्यात जवळचा वाटलेला माणूस म्हणजे इयन स्टुअर्ट, स्टू. बँड उभा राहिला तेव्हा पियानोवर हा होता. १९६३ला मॅनेजर अँड्र्यू ओल्डहॅमने ठरवलं की सहा जण फार होतात आणि हा दिसायला पॉप स्टारसारखा नाही. त्याला फोटोंतून काढलं. दुसरा कुणी असता तर घरी गेला असता. स्टू सामानाची गाडी चालवायला लागला, अ‍ॅम्प लावायला लागला आणि रेकॉर्डवर पियानोही वाजवत राहिला, १९८५ला जाईपर्यंत. स्टेजवर जायची वेळ झाली की तो या जगप्रसिद्ध मंडळींना शेलक्या शिव्या घालत खोलीबाहेर काढायचा. आमच्याकडे तिसरी घंटा असते, त्यांच्याकडे स्टू होता. आणि याला गोल्फचं वेड! हॉटेल बुक करताना शहराची सोय बघायची की गोल्फच्या मैदानाची, यात तो कुठला कौल द्यायचा हे स्टोन्सना उशिरा कळलं, असं कीथ सांगतो. (आमच्या एका व्यवस्थापकाची मासळी अशीच होती. त्यापायी आम्ही कुठे कुठे मुक्काम केलेत ते विचारू नका.)

आता माझ्या खात्याची गोष्ट. ६९ सालापर्यंत अशा दौऱ्यांत आवाजाची व्यवस्था म्हणजे जे स्टेडियममध्ये असेल ते. मुली किंचाळायच्या, बँडला स्वतःचंच वाजवणं ऐकू यायचं नाही. या दौऱ्यापर्यंत श्रोते बदलले होते, ते ऐकायला येत होते. त्यामुळे अँपेग कंपनीकडून तीनशे वॅटच्या नव्या अ‍ॅम्पचे प्राथमिक नमुने मागवलेले, जे पुढे एसव्हीटी नावाने बेस वाजवणाऱ्यांचे लाडके झाले. नवा माल म्हणजे तो दगा देणारच. कॅलिफोर्नियातल्या ओकलंडला ९ नोव्हेंबरला अ‍ॅम्पनी मान टाकली आणि ग्रेटफुल डेड या बँडचे अ‍ॅम्प उसने आणून वेळ भागवावी लागली. भरल्या थिएटरात मशीन बंद पडल्यावर ऑपरेटरच्या पाठीतून जो घाम निथळतो तो माझ्या ओळखीचा आहे, म्हणून सांगतो: दौऱ्यावरचा खोळंबा बूथ अचूक लिहितो. कार्यक्रम तासन् तास उशिरा. लॉस एंजेलिसला दुसरा शो संपेपर्यंत पहाट. वेस्ट पाम बीचला उघड्या मैदानावर लोक थंडीत कुडकुडत बसलेले आणि स्टोन्स उजाडायच्या सुमाराला स्टेजवर. दौऱ्यात स्टोन्सच्या आधी बी. बी. किंग आणि टीना टर्नर आपलं काम चोख करून जातात. बूथ हे दरवेळी टिपतो, टोमणा न मारता. मारायची गरजच नाही, वाचणाऱ्याला कळतं.

फोर्ट कॉलिन्सला ७ नोव्हेंबरला दौरा सुरू झाला, ३० नोव्हेंबरला वेस्ट पाम बीचला संपला. तीन आठवडे. एवढ्यात पत्रकाराचं काय होतं, हा या पुस्तकाचा खरा विषय आहे असं मला वाटतं, मुखपृष्ठावर नाव कुणाचंही असो.

एकदा एका वर्तमानपत्राचा मुलगा आमच्या दौऱ्यावर आला होता, ‘पडद्यामागे’ वगैरे मालिका करायला. पहिल्या दिवशी वही पेन घेऊन पुढच्या सीटवर. दुसऱ्या दिवशी सेटच्या चौकटी उतरवायला हात लावतोय. तिसऱ्या दिवशी एका नटाची औषधं कुठल्या बॅगेत आहेत ते त्यालाच माहीत. लेख छापून आला तो इतका गुळगुळीत होता की आम्हालाच लाज वाटली. त्याचा दोष नव्हता. बसमध्ये बसलात की तुम्ही बसचे होता.

बूथ तर पार बसचा झाला. दौरा संपल्यावर स्टोन्सना अमेरिकेतच रेकॉर्डिंग करायचं होतं, पण परवान्याची भानगड होती, आणि जागा अशी हवी होती जिथे बोभाटा होणार नाही. बूथने मेम्फिसच्या आपल्या दोस्ताला, जिम डिकिन्सनला फोन लावला. तो म्हणाला मसल शोल्सच्या स्टुडिओत जा. अलाबामातल्या शेफील्ड गावात, ३६१४ जॅक्सन हायवे, पूर्वी शवपेट्यांच्या धंद्याची बैठी इमारत. २ ते ४ डिसेंबर, तीन रात्रींत तीन गाणी: ‘ब्राउन शुगर’, ‘वाइल्ड हॉर्सेस’ आणि फ्रेड मॅकडॉवेलचं ‘यू गॉटा मूव्ह’. ‘वाइल्ड हॉर्सेस’च्या वेळी स्टू आपलं सामान आवरायला लागला, कारण त्या गाण्यात मायनर कॉर्ड (उदास वाटणारे स्वरमेळ) होते आणि स्टू मायनर कॉर्ड वाजवत नसे. तत्त्वाचा प्रश्न! मग डिकिन्सन मागच्या जुन्या पियानोवर बसला. आज ते गाणं लावलं की जो पियानो ऐकू येतो तो त्याचा. म्हणजे एका पत्रकाराच्या फोनमुळे जागा ठरली आणि त्याच्याच मित्राची बोटं रेकॉर्डवर उमटली. बातमी लिहायला आलेला माणूस बातमीत वाजतोय.

पुस्तकातली ही पानं मी पुन्हा पुन्हा काढून वाचतो. तिथे ना पोरींची गर्दी आहे, ना फोटोग्राफरचे दिवे. चार माणसं एक गाणं बांधतायत, चुकतायत, परत वाजवतायत, आणि कोपऱ्यात ड्रमर चार्ली वॉट्स शांत बसलाय. स्टोन्सच्या नावाभोवतीचा सगळा धुरळा खाली बसला की उरतं ते एवढंच, कामाचं.

दौऱ्याच्या प्रकरणांमध्ये एक आड एक जुनी गोष्ट चालू राहते, ती ब्रायन जोन्सची. चेल्टनहॅमचा ब्रायन, ज्याने जाहिरात देऊन माणसं जमवली, मडी वॉटर्सच्या गाण्यावरून बँडला नाव दिलं, जो हाती येईल ते वाद्य वाजवायचा, अगदी सतारसुद्धा. त्याला जून १९६९मध्ये त्याच्याच बँडमधून काढलं आणि ३ जुलैला तो घरच्या पोहण्याच्या तलावात मेला. वय सत्तावीस. दौरा सुरू होतो तेव्हा याला चार महिने झालेत, त्याच्या जागी वीस वर्षांचा मिक टेलर उभा आहे, आणि बसमध्ये त्याचं नाव फारसं कुणी काढत नाही. बूथ मात्र चेल्टनहॅमला जाऊन त्याच्या आईवडिलांना भेटतो. ते प्रकरण वाचून मी पुस्तक थोडा वेळ खाली ठेवलं. मूळ संचातला माणूस बाहेर पडला की आम्ही दुसऱ्या प्रयोगापर्यंत बदली उभी करतो, तालीम करतो आणि पुढे जातो. तसं करावंच लागतं. पण त्या माणसाच्या घरी जाऊन बसणारा एखादा असावा.

आता आल्टामॉन्ट. पुस्तकाची सुरुवातच आदल्या रात्री तिकडे जाणाऱ्या गाडीत होते, काळोख आणि हेडलाइटमध्ये मातीचा रस्ता, त्यामुळे सगळं वाचन त्या ६ डिसेंबरकडे उतरत जातं. फुकट मैफल द्यायची होती. आधी जागा सॅन फ्रान्सिस्कोतला गोल्डन गेट पार्क, ती गेली. मग सीअर्स पॉइंट, तिथे चित्रपटाच्या हक्कांवरून आणि पैशांवरून फिसकटलं. शेवटी आयत्या वेळी आल्टामॉन्टचा मोटार रेसचा ट्रॅक. स्टेज सांभाळणाऱ्या चिप मॉन्कच्या माणसांनी रातोरात सगळं उचलून तिकडे नेलं. आणि इथे माझ्यासारख्याचं डोकं फिरतं. ते स्टेज सीअर्स पॉइंटच्या टेकाडासाठी बेतलेलं होतं, उंची जेमतेम मीटरभर! टेकाडावर ते चाललं असतं. आल्टामॉन्टला ते उताराच्या पायथ्याशी आलं आणि वरून तीन लाखांचा लोंढा. कोकणातल्या जत्रेत फळ्या टाकून उभारलेलं स्टेजसुद्धा माणसाच्या छातीला लागतं, कारण पुढची चार पोरं वर चढणार हे गावच्या मांडववाल्याला ठाऊक असतं. राखण करायला हेल्स एंजल्स ही मोटारसायकलवाल्यांची टोळी, मोबदला पाचशे डॉलरची बिअर, असं सांगतात. दुपारीच जेफरसन एअरप्लेन बँडच्या मार्टी बॅलिनला त्यांनी वाजवता वाजवता झोडपलं. ग्रेटफुल डेड न वाजवताच परत गेले. रात्री ‘अंडर माय थंब’ चालू असताना मेरेडिथ हंटर नावाचा अठरा वर्षांचा काळा मुलगा स्टेजसमोर भोसकला गेला. त्याच्या हातात पिस्तूल होतं, मारणारा पुढे स्वसंरक्षणाच्या मुद्द्यावर सुटला. त्या दिवशी तिथे एकूण चार जण मेले.

बूथ तेव्हा स्टेजवर होता. मेसल्स बंधूंनी या दौऱ्यावर केलेल्या चित्रपटात आपल्याला जे दिसतं ते कॅमेऱ्याचं आहे. बूथकडे जे आहे ते म्हणजे काय चाललंय हे धड न कळणाऱ्या माणसाचं. धक्के, धूर, मोटारसायकली, कोण कुणाला मारतंय याचा पत्ता नाही, आणि गाणी चालूच. बंद केलं तर काय होईल या भीतीने चालू. त्यातच ‘ब्राउन शुगर’ लोकांसमोर पहिल्यांदा वाजलं, रेकॉर्ड केल्याला जेमतेम दोन-तीन दिवस झाले होते. मग गच्च भरलेलं हेलिकॉप्टर. बूथ इथे कुठेही न्यायाधीश होत नाही. काहींना ते खटकतं, मला पटतं. तो स्वतः आतला होता. आतल्याने निकाल द्यायचा म्हणजे अर्धा स्वतःवर द्यायचा, आणि तो त्याने दिलाय, फक्त ओरडून नाही.

(पुस्तकाबाहेरची एक गोष्ट, आमच्या बिरादरीची म्हणून. गडबडीत स्टेजवरचा गालिचा एंजल्स घेऊन चालले, तो सोडवायला चिप मॉन्क गेला आणि दात गमावून आला. गालिच्यासाठी! कुठल्याही नाटकाच्या सेटवाल्याला विचारा, तो म्हणेल मीही गेलो असतो.)

तीन आठवड्यांची गोष्ट लिहायला बूथला पंधरा वर्षं लागली. पुस्तक १९८४ला आलं, अमेरिकेत तेव्हा नाव वेगळं होतं, ‘डान्स विथ द डेव्हिल’. मधल्या काळात नशा, ती सुटतानाचे झटके, तुरुंग, धबधब्यावरून पडून मोडलेली पाठ. नंतरच्या लेखात त्याने कारण दिलंय की हे सांगायला आधी त्याला गोष्टीतला तो माणूस राहणं बंद करावं लागलं. संपादकाला ऐकवायला ही सबब म्हणून काय वाटली असेल कोण जाणे, पण वाचताना पटते. पुढच्या महिन्यात लिहून दिलं असतं तर आमच्या त्या मुलाच्या लेखासारखं झालं असतं. २०२४च्या डिसेंबरात बूथ गेला. त्याच्या नावावर पुस्तकं मोजकीच आहेत.

खोटही सांगितली पाहिजे. बायकांबद्दल हे पुस्तक त्या काळाइतकंच निष्काळजी आहे. बँडच्या मागे फिरणाऱ्या पोरी येतात, पलंगापर्यंत जातात, आणि नावाशिवाय निघून जातात. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वीच्या त्या मुली आज काय सांगतील, असा प्रश्न बूथला पडत नाही. कुणी काय ओढलं, काय गिळलं याच्या याद्या लांबतात. काही प्रकरणांत तर मला वाटलं की हॉटेलच्या खोल्या सगळ्या सारख्याच असतात हे आता आम्हाला कळलं, पुढे चला. ज्यांना गाण्यांची चिकित्सा हवी आहे, कुठली रेकॉर्ड कितव्या नंबरवर गेली वगैरे, त्यांच्या हाती फार काही लागणार नाही. आणि ज्यांना ब्रायन, कीथ, मिक यांत कोण कोण हेच माहीत नाही त्यांनी आधी एखादा जुना अल्बम ऐकावा. ‘गेट यर या-याज आउट’ ऐका, तो मुख्यतः याच दौऱ्यातल्या, न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमधल्या कार्यक्रमांचा आहे. पुस्तकात जो चार्ली दिसतो तो तिथे ऐकू येतो.

स्टोन्स मुंबईला आले ते २००३च्या ७ एप्रिलला, ब्रेबर्न स्टेडियमवर. मी तेव्हा सावंतवाडीकडे दौऱ्यावर होतो आणि मला त्याचं वाईट वाटत नाही. साठीतले स्टोन्स पाहणं वेगळं, आणि ६९चे वाचणं वेगळं. बूथने फरी लुईसवर लिहिलेलं मात्र वाचा. १९७५च्या ४ जुलैला मेम्फिसच्या स्टेडियमवर स्टोन्सच्या आधी तोच गायला बसला होता, ऐंशीच्या घरात, रस्ते झाडून निवृत्त झालेला.

घ्यायचं तर कागदावरचं घ्या. प्रकरणं मागेपुढे उडी मारतात, एकदा दौरा, एकदा ब्रायन, त्यामुळे बोट घालून पान धरायची सवय लागते आणि फोनवर ते जमत नाही. इंग्रजी सोपं आहे, वाक्यं छोटी, दक्षिणेकडची बोली संवादांत येते ती थोड्या वेळाने कानात बसते. टाइप बारीक आहे, माझ्या वयाच्यांनी दिवसा वाचा. आणि आवृत्ती बघून घ्या: २०००नंतरच्या छपाईत बूथचा तो शेवटचा लेख आहे, ८४ सालच्या जुन्या प्रतीत नाही. जुनी प्रत दुकानात स्वस्तात दिसली तरी परत ठेवा.